बसऱ्याच्या मोत्यांचा खरा पत्ता

आजीच्या नथीतला मोती ‘बसऱ्याचा’ असतो, हे मराठी घरात लहानपणीच कळतं. तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, बुगडी, सगळ्यांना बसरा मोतीच हवा. पण बसरा हे इराकमधलं व्यापारी बंदर. मोती निघायचे तिथून कितीतरी खाली, बहरीन आणि कतारच्या आसपासच्या उथळ समुद्रात. माल एका गावचा, नाव दुसऱ्याचं. या मालाचं एक मोठं गाव आजही जागेवर आहे. त्याचं नाव मुहर्रक.

गंमत म्हणजे बहरीनला विमानानं जाणारा प्रत्येक माणूस मुहर्रकमध्ये उतरतो, कारण विमानतळ याच बेटावर आहे. उतरतो, बॅगा घेतो आणि पूल ओलांडून राजधानी मनामाला निघून जातो. वर्षानुवर्षं बहरीनमध्ये नोकरी करणाऱ्या कित्येकांनाही मुहर्रक म्हणजे फक्त ‘अरायव्हल’ आणि ‘डिपार्चर’. पाहुण्यांना आणायचं, पाहुण्यांना सोडायचं. मधल्या गल्ल्यांकडे कोण बघतो? तर बघू या.

पंधरा लाख मोती, एक गालिचा

आधी आपल्याच घरातली गोष्ट. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी १८६५च्या सुमारास एक गालिचा करवून घेतला. त्याच्यावर सुमारे १५ लाख बारीक मोती, सगळे आखातातले. शिवाय हिरे, माणकं, पाचू, नीलम. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो बनवला होता, असं सांगतात. खंडेराव १८७०मध्ये वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे २००९मध्ये दोह्यात त्याचा लिलाव झाला आणि तो ५४ लाख डॉलरच्या वर गेला. समुद्रातून निघालेले मोती मराठी राजाच्या दरबारात जाऊन दीडेकशे वर्षांनी पुन्हा त्याच समुद्राकाठी आले. एवढा मोठा परतीचा प्रवास दुसऱ्या कुठल्या सतरंजीनं केला असेल असं वाटत नाही.

नाकाला चिमटा, पायाला धोंडा

मोती काढायचा कसा? उन्हाळ्यात, पाणी गरम झाल्यावर, मुहर्रकच्या किनाऱ्यावरून लाकडी गलबतं निघायची ती चार महिन्यांनीच परत यायची. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा (फिताम), बोटांना चामड्याच्या टोप्या, पायाच्या दोराला दगड, गळ्यात किंवा कमरेला शिंपल्यांची जाळीदार टोपली. दगडाच्या वजनानं तळ गाठायचा, दीड-एक मिनिटात हाताला लागतील तेवढे शिंपले खरवडायचे आणि दोराला हिसका द्यायचा. वर उभा असलेला ‘सैब’ खेचून घेणार. पाणबुड्याचा जीव अक्षरशः सैबाच्या हातात. दिवसभर असं डझनावारी वेळा. पोटात काय? खजूर, कॉफी, आणि खरं जेवण रात्रीच, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही.

गलबताचा मालक-कप्तान म्हणजे नोखदा, आणि मोती विकत घेऊन पुढे चढवणारा व्यापारी तो तव्वाश. आणखी एक मानाचा माणूस असायचा, नह्हाम. त्याचं काम गायचं! शीड चढवताना, वल्ही मारताना, नांगर ओढताना नह्हाम सूर लावणार आणि बाकीचे खर्जात गुरगुरत साथ देणार. टाळ्या, ढोल, बोटातल्या झांजा आणि मातीचा माठ, बस्स, एवढीच वाद्यं. या गायकीला ‘फिजिरी’ म्हणतात. २०२१मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिची दंतकथा तर झकास आहे: काही मित्रांनी रात्री एका मशिदीजवळ जिन्नांना गाताना ऐकलं, जिन्नांनी त्यांना गाणं शिकवलं, पण ‘कुणाला सांगाल तर मराल’ असा दम भरला. शेवटच्या मित्रानं मरायला टेकल्यावर ते जगाला शिकवून टाकलं. गुपित फोडायला यापेक्षा सोयीची वेळ नाही.

आता या धंद्याची वाईट बाजू. पाणबुड्याला पगार नव्हता, हंगामाच्या आधी उचल मिळायची. हंगाम वाईट गेला की उचल फिटायची नाही, आणि बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. मोती युरोपच्या राण्यांच्या गळ्यात, आणि तो काढणारा पिढ्यानपिढ्या नोखद्याच्या वहीत. १९२०च्या दशकात या वह्यांवर सरकारी बंधनं आली तेव्हा नोखदे तर चिडलेच, पण उचल कमी झाली म्हणून पाणबुडेही चिडले. १९३२मध्ये त्यांनी दंगा केला.

वजन दुप्पट, भाव चौपट

मोती वर आला की त्याची रवानगी मुंबईला. तिथे मोती भोकं पाडून, जोड्या जुळवून, लडी बांधून पॅरिसला जायचे. बहरीनच्या बड्या व्यापाऱ्यांची मुंबईत घरं आणि पेढ्या होत्या. हंगाम संपला की काही जण सरळ बोटीत बसून मुंबई गाठायचे आणि तिथेच मुक्काम ठोकायचे.

मोती निवडायला पितळी चाळण्यांचा संच असायचा, प्रत्येकीची भोकं आधीच्यापेक्षा बारीक. मोठे वर राहिले, छोटे खाली गळले, की प्रतवारी झाली. आणि भावासाठी ‘चव’ नावाचं माप. जिभेशी त्याचा काही संबंध नाही. चव ही वजनाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे मोत्याचं वजन दुप्पट झालं तर चव चौपट होते. म्हणून दोन छोटे मोती मिळून एका मोठ्याची बरोबरी कधीच करू शकत नाहीत. कॅल्क्युलेटर नसताना हा हिशेब बोटांवर करणाऱ्या तव्वाशांपुढे आपण पाढे विसरलेले लोक काय बोलणार!

पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्या घराण्यातल्या जाक कार्तिएला मधले दलाल गाळायचे होते. १९११च्या दिल्ली दरबारासाठी तो हिंदुस्थानात आला आणि पुढे १९१२मध्ये थेट बहरीनला थडकला. अरब व्यापाऱ्यांच्या मधोमध बसलेला साहेब, असा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. मधले दलाल गळाले का? मुंबईचे दलाल होते ते!

खाऱ्या पाण्यात गोडं पाणी

चार महिने समुद्रावर, मग प्यायचं पाणी कुठून? समुद्रातूनच. बहरीनच्या आसपास समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. पाणबुडे कातडी पखाल घेऊन खाली जायचे, झऱ्याच्या तोंडावर धरायचे आणि भरून वर आणायचे. जमिनीवरच्या झऱ्यांमध्ये ‘अधारी’ सगळ्यात नावाजलेला. त्याचं पाणी पाटानं लांबच्या बागांना जायचं आणि जवळची जमीन कोरडीच राहायची. म्हणून बहरीनमध्ये म्हण आहे की अधारी लांबच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते. आपल्याकडे दिव्याखाली अंधार, त्यांच्याकडे झऱ्याखाली तहान.

शंभर फिल्स म्हणजे एक रुपया

१९६५पर्यंत बहरीनचं चलन रुपया होतं. आपलाच. १८८४पासून तिथलं टपाल हिंदुस्थान सरकार चालवायचं, आणि १९३३पासून हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘बहरीन’ असा शिक्का छापून ती विकली जायची. सोन्याची चोरटी आयात वाढली तेव्हा १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या रंगाचा ‘गल्फ रुपी’ छापला. १९६५मध्ये बहरीननं दिनार आणला, दहा रुपयांना एक दिनार या दरानं. पुढच्याच वर्षी भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं. बहरीन वेळेत सुटलं म्हणायचं. आज तोच दिनार दोनशे रुपयांच्या बराच वर आहे, आणि बहरीनमध्ये नोकरी धरण्याचं निम्मं कारण या वाक्यात आलं.

पण सवय जात नाही. दिनारात हजार फिल्स, म्हणजे जुन्या हिशेबानं शंभर फिल्सचा एक रुपया. जुने बहरीनी शंभर फिल्सच्या नाण्याला अजूनही ‘रुबिया’ म्हणतात.

मुंबईत जन्मलेला बहरीनचा कवी

बहरीनच्या आधुनिक कवितेतलं सगळ्यात मोठं नाव इब्राहीम अल-अरय्यद. जन्म १९०८, मुक्काम पोस्ट मुंबई! वडील मोत्यांचे बहरीनी व्यापारी. आई लवकर गेली, मुलगा मुंबईतच वाढला आणि किशोरवयात बहरीनला आला. अरबी त्याला नंतर शिकावी लागली. ज्या भाषेत तो पुढे राष्ट्रकवीच्या मानाला पोचला ती त्याची घरातली पहिली भाषा नव्हती. १९७०च्या दशकात देशाची राज्यघटना करणाऱ्या सभेचं अध्यक्षपदही त्यानं सांभाळलं. मनामातलं त्याचं घर आता ‘कवितेचं घर’ म्हणून जपलंय. मुंबईत त्याच्या नावाची पाटी कुठे दिसत नाही, हे मात्र आपल्याला शोभत नाही.

जपानी शिंपला आणि वर्तमानपत्रातली जाहिरात

मोत्यांचा धंदा बुडवला तो जपानच्या कोकिची मिकिमोतोनं. १८९३मध्ये त्यानं शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती वाढवला, आणि १९२०च्या दशकात गोल ‘कल्चर्ड’ मोती बाजारात आले. मागोमाग १९२९ची जागतिक मंदी. मुहर्रकच्या वाड्यांमधले दिवे मंदावले. पण नशीब बघा, १९३२च्या जूनमध्ये जबल दुखान या डोंगराच्या पायथ्याशी तेल लागलं, आखाताच्या अरब बाजूला पहिल्यांदाच. एक दार बंद होता होता दुसरं उघडलं, आणि पाणबुडे तेल कंपनीत कामाला लागले. (या तेलापायी १९४०मध्ये इटलीची विमानं थेट ऱ्होड्स बेटावरून उडून बहरीनच्या रिफायनरीवर बॉम्ब टाकायला आली. एवढ्या लांबून येऊन नुकसान जेमतेम.)

मिकिमोतोच्या मोत्यांवरचा राग मात्र अजून गेलेला नाही. बहरीनमध्ये कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला कायद्यानं बंदी आहे. मोती अस्सल आहे की नाही हे तपासायला २०१७पासून ‘दानात’ नावाची सरकारी प्रयोगशाळा आहे. मोत्याचं इतकं सोवळं दुसऱ्या कुठल्या देशानं पाळल्याचं ऐकिवात नाही.

राजधानीपण मुहर्रकनं आधीच गमावलं होतं. १९२३पर्यंत राज्यकारभार इथून चालायचा. तेव्हाचे शासक शेख ईसा बिन अली यांचा वाडा अजून आहे. त्याचा वाऱ्याचा मनोरा उंचावरची झुळूक पकडून खालच्या खोलीत सोडतो. एसीच्या देशात हा मनोरा बघताना पर्यटक हमखास खाली उभे राहून ‘खरंच लागतंय वारं’ म्हणतात. मग इंग्रजांनी कारभार मनामाला नेला आणि तिथे तीस वर्षं सल्लागार म्हणून बसला चार्ल्स बेलग्रेव्ह. ही नोकरी त्याला लंडनच्या ‘टाइम्स’मधली छोटी जाहिरात वाचून मिळाली होती! १९२६ ते १९५७, एका जाहिरातीच्या जोरावर. मुहर्रक आणि मनामा यांना जोडणारा पूल १९४२चा. तोपर्यंत या दोन गावांमध्ये ये-जा होडीनंच.

विद्येचं बेट

मुहर्रकनं सत्ता गमावली पण शाळा मिळवल्या. १९१९मध्ये अल-हिदाया अल-खलिफिया ही मुलांची शाळा, १९२८मध्ये मुलींची शाळा. आखाती अरब देशांमध्ये मुलींनी शाळेत जाणं तेव्हा नवलाचं होतं. मोत्यांच्या पैशातून आलेली ही हौस तेलाच्या आधीची आहे, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आखातात सगळं तेलानं आणलं असं आपण धरून चालतो. आता मुहर्रकच्या बुसैतीन भागात आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचं वैद्यकीय विद्यापीठ आहे, २००४पासूनचं. डब्लिनची परंपरा आणि आखातातलं ऊन.

देशाचं मुख्य विद्यापीठ, बहरीन विद्यापीठ, १९८६चं. त्याचा मोठा परिसर साखीरच्या वाळवंटात आहे, आणि तिथून फॉर्म्युला वनचा ट्रॅक जवळच. मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत इथेच झाली, २००४मध्ये, मायकेल शूमाकर जिंकला. विजेते शॅम्पेनऐवजी गुलाबपाण्याच्या स्वादाचं, मद्यविरहित पेय उडवतात. आणि मुंबईचा जेहान दारूवाला याच ट्रॅकवर ६ डिसेंबर २०२० रोजी फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला, असं करणारा पहिला भारतीय.

कॉन्कॉर्ड आली, जंबो बुडालं

१९३२मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची विमानं मुहर्रकला थांबू लागली. चार इंजिनांची, दुहेरी पंखांची, डुलत चालणारी धूडं. मग २१ जानेवारी १९७६. कॉन्कॉर्डचं पहिलं व्यावसायिक उड्डाण. एक पॅरिसहून रिओला, आणि त्याच क्षणी दुसरं लंडनहून... न्यूयॉर्कला नाही, अमेरिका तेव्हा परवानगी देत नव्हती. बहरीनला! जगातलं सगळ्यात वेगवान प्रवासी विमान चार तासांच्या आत मुहर्रकच्या धावपट्टीवर.

२०१९मध्ये उलटा प्रकार झाला. मुहर्रकजवळच्या समुद्रात एक अख्खं बोईंग ७४७, सुमारे ७० मीटर लांब, मुद्दाम बुडवलं. त्याच्यावर प्रवाळ वाढावं, मासे यावेत आणि स्कूबावाल्यांनी कॉकपिटमध्ये डोकावावं, यासाठी. विमानात मासे बघायला लोक पैसे देतात, आणि आपण विमानात मासे नेऊ देत नाहीत म्हणून भांडतो.

समुद्राला घट

बकरी ईदच्या आदल्या संध्याकाळी मुहर्रकच्या किनाऱ्यावर गेलात तर पोरं छोट्या टोपल्या गरागरा फिरवून समुद्रात फेकताना दिसतील. खजुरीच्या झापांच्या टोपल्या, त्यात आधी पेरलेले जव किंवा गहू, हिरवे कोंब वर आलेले. कित्येक दिवस पाणी घालून वाढवायचे आणि मग गाणं म्हणत सोडून द्यायचे. या खेळाला ‘हिया बिया’ म्हणतात. नवरात्रातले घट डोळ्यांपुढे आल्याशिवाय मराठी माणूस हे बघूच शकत नाही. दोन्हींचा संबंध असल्याचा पुरावा मात्र कुणी दिलेला नाही, उगाच ओढूनताणून जोडू नये. रमजानच्या मध्यावर ‘गरगाऊन’ असतं. त्या रात्री नटलेली मुलं गल्लीत दारोदार फिरून सुकामेवा आणि गोळ्या गोळा करतात.

मराठी मंडळी आपले गणपती मनामाकडेच बसवतात. महाराष्ट्र कल्चरल सोसायटीचा उत्सव बहरीनमधल्या मराठी घरांचं वर्षाचं मोठं निमित्त.

आणखी जुनं, पटापट

सिकंदराच्या आरमारातला अँड्रोस्थेनिस इ.स.पू. चौथ्या शतकात बहरीनला आला आणि एका झाडाची पानं रात्री मिटतात नि सकाळी उघडतात, अशी नोंद करून गेला. ते झाड चिंचेचं असावं असं मानतात. सजीवांच्या शरीरात घड्याळ असतं, या शोधाची ही सगळ्यात जुनी नोंद. आपण चिंचा पाडण्यात वेळ घालवला.

बहरीनच्या किल्ल्याखाली डॅनिश उत्खननात मातीच्या वाडग्यांमध्ये पुरलेले साप सापडले, काहींच्या सोबतीला एखादा मणी किंवा मोती.

त्याही आधी, प्राचीन काळी बहरीनला दिलमुन म्हणत. दिलमुनमधून तांबं आणणारा मेसोपोटेमियातल्या उर शहराचा व्यापारी एआ-नासिर याच्यावर एका गिऱ्हाईकानं मातीच्या पाटीवर तक्रार कोरून पाठवली: माल निकृष्ट, नोकराशी वागणूक उर्मट. इ.स.पू. १७५०च्या सुमाराची ही जगातली सर्वांत जुनी ग्राहक-तक्रार समजली जाते. दिलमुनमध्ये सिंधू संस्कृतीची वजनं वापरली जात, आणि दिलमुनची गोल मुद्रा गुजरातेत लोथलला सापडली आहे. म्हणजे आपलं गिऱ्हाइकाचं नातं चार हजार वर्षांचं.

जायचं कसं, करायचं काय

मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांमधून साडेतीन किलोमीटरचा ‘मोत्यांचा मार्ग’ जातो. १७ इमारती, समुद्रातल्या शिंपल्यांच्या तीन जागा आणि किनाऱ्यावरचा बू माहिर किल्ला मिळून २०१२पासून युनेस्कोचा जागतिक वारसा. वाट चुकायची भीती नाही, दिव्याच्या खांबांवरचे पांढरे गोळे मोत्यांसारखे रस्ता दाखवतात. वाटेत व्यापाऱ्यांचे वाडे, पाणबुड्याचं साधं घर आणि सियादी घराण्याचा देखणा वाडा. श्रीमंताचं आणि कर्जदाराचं घर एकाच तिकिटाच्या फेरीत दाखवणारा वारसा विरळा. मुहर्रकच्या या जीर्णोद्धाराला २०१९मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

या मार्गालगत स्विस वास्तुकार क्रिस्टियन केरेझ यांनी चार बहुमजली पार्किंग बांधली आहेत, त्यांचे मजले लाटांसारखे एकमेकांत वळतात. जगभरातले वास्तुकलेचे विद्यार्थी ती बघायला येतात. पार्किंग बघायला माणसं येतात, हे वाक्य पुण्यात कुणाला सांगून पटणार नाही.

फुटबॉलच्या दिवशी लाल रंग घाला. मुहर्रक क्लब १९२८चा, देशातला सगळ्यात जुना, आणि २००८ व २०२१मध्ये एएफसी कप जिंकलेला. संध्याकाळी चालायला अरादचा किल्ला आणि त्याच्या शेजारचा खाडीकाठचा रस्ता. डिसेंबरात गेलात तर ‘मुहर्रक नाइट्स’मध्ये जुने वाडे रात्री उघडे असतात, अंगणात गाणी आणि बोळात खाण्याच्या टपऱ्या.

पोहता येत असेल तर परवाना काढून मोत्यांसाठी बुडीही मारता येते. एका दिवसाला जास्तीत जास्त ६० शिंपले, आणि सापडलेला मोती तुमचा. बहुतेक शिंपले रिकामेच निघतात, तेव्हा गळसर घडवायला निघू नका. उपाशी पोटी बुडायची सक्ती आता नाही, त्यामुळे आधी ‘बलालीत’ खा: केशर-वेलची घातलेल्या गोड शेवया आणि वर चक्क अंड्याचं पातळ ऑम्लेट. पहिल्या घासाला मराठी तोंड वाकडं होतं, दुसऱ्याला विचारात पडतं. नंतर शुवैतरांचा हलवा, साखर, स्टार्च, केशर, गुलाबपाणी आणि सुकामेवा कढईत तासन् तास घोटून केलेला. हे घराणं एकोणिसाव्या शतकापासून मुहर्रकमध्ये हलवा करतंय. डबा घेताना मोठाच घ्या, विमानतळ दहा मिनिटांवर आहे आणि छोटा डबा तिथपर्यंत टिकत नाही.